मैदान, स्टुडिओ आणि माईकची जबाबदारी

१ मे २०२२, महाराष्ट्र दिनाची संध्याकाळ. छत्रपती संभाजीनगर तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद होतं. औरंगपुऱ्याला लागून असलेल्या खडकेश्वर भागातलं मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचं मैदान गच्च भरलं होतं. पोलिसांनी सभेला परवानगी दिली ती सोळा अटींवर. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी मशिदींवरचे भोंगे उतरवण्यासाठी ३ मेची मुदत आधीच दिलेली होती. ४ तारखेपासून आपण ऐकणार नाही, भोंगे उतरले नाहीत तर मशिदींसमोर दुप्पट आवाजात हनुमान चालिसा लावा, असं त्यांनी या मैदानावरून सांगितलं. दोन दिवसांनी अटींचा भंग आणि चिथावणी या कारणांवरून सिटी चौक पोलीस ठाण्यात त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला.

मैदानावर जेवढे लोक होते, त्यांच्या कितीतरी पट लोकांनी हे भाषण घरात बसून ऐकलं. मराठी वृत्तवाहिन्यांनी ते थेट दाखवलं, त्याचे तुकडे करून रात्रभर फिरवले आणि पुढचे कित्येक दिवस त्यावर चर्चा बसवल्या. त्या वेळी २८८ जणांच्या विधानसभेत मनसेचा आमदार एकच होता, कल्याण ग्रामीणचे राजू पाटील.

एक आमदार आणि सगळ्या वाहिन्यांचा सगळा वेळ, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की या प्रकरणाचा विषय समोर येतो. धर्म, भाषा किंवा वंशाच्या नावावर टोकाची भूमिका घेणाऱ्या नेत्याला टीव्हीवर जागा द्यावी का? एक बाजू म्हणते, त्याला मतं पडतात, मग त्याचं म्हणणं लोकांना ऐकू द्या आणि तिथेच खोडून काढा. दुसरी म्हणते, त्याला शेजारी बसवलं की त्याचा द्वेष हे चार मतांतलं एक मत होऊन जातं. दोन्ही बाजूंकडे आपापले दाखले आहेत. ते नीट तपासले तर लक्षात येतं की खुर्ची दिली की नाही यापेक्षा विषय कुणाच्या हाती गेला, यावर बरंच काही ठरतं.

भाषण छापून येत होतं तेव्हा

याच मैदानावर ८ मे १९८८ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला संभाजीनगर म्हणायची घोषणा केली. महापालिकेच्या निवडणुकीत शिवसेनेनं ६० पैकी २७ जागा नुकत्याच जिंकल्या होत्या. टीव्ही म्हणजे तेव्हा दूरदर्शन, आणि दूरदर्शन असली सभा थेट दाखवत नसे. सभेला न गेलेल्या माणसाकडे भाषण पोचायचं ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. बातमीदारानं ते ऐकलेलं असायचं, उपसंपादकानं कापलेलं असायचं आणि शेजारच्याच रकान्यात विरोधकाचं उत्तर असायचं. त्या गाळणीत चुका होत, पक्षपातही होत असे. पण बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये नाव-गाव असलेला, जबाब देऊ शकणारा एक माणूस उभा असे.

कायदाही त्या काळात आपल्या गतीनं चालत होता. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयानं विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल ११ डिसेंबर १९९५ रोजी, म्हणजे भाषणांनंतर तब्बल आठ वर्षांनी, कायम केला. पुढे १९९९ मध्ये ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. डिसेंबर १९९५ पासून मोजलेली ही मुदत डिसेंबर २००१ मध्ये संपली. धर्माच्या नावावर मतं मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचार आहे, हे यातून पक्कं झालं. मात्र भाषणाचा परिणाम एका संध्याकाळी होतो आणि शिक्षेला एक तप लागतं, हेही दिसलं.

चर्चा स्वस्त का पडते

२००७-०८ च्या सुमारास चित्र पालटलं. झी २४ तास, स्टार माझा (आताचं एबीपी माझा) आणि आयबीएन लोकमत या वाहिन्या पाठोपाठ आल्या. दिवसाचे चोवीस तास भरायचे होते. जिल्ह्यात बातमीदार ठेवायचा, त्याला कॅमेरा आणि गाडी द्यायची, एका बातमीमागे चार दिवस पाठवायचं, हे सगळं महाग. चर्चेला एक अँकर, एक स्टुडिओ आणि आपापल्या पक्षाची बाजू मांडायला स्वतःहून येणारे प्रवक्ते पुरतात. तास भरतो. पाहुणे जितके टोकाचे, तितका प्रेक्षक रिमोट खाली ठेवतो. मग अभ्यासू पण शांत बोलणाऱ्या माणसाला पुन्हा फोन जात नाही.

नकार देण्याची किंमतही असते आणि मराठी पत्रकारांनी ती मोजली आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये मुंबई सगळ्या भारतीयांची आहे असं सचिन तेंडुलकर बोलला, त्यावर बाळासाहेबांनी ‘सामना’तून टीका केली. आयबीएन लोकमतनं या टीकेचा समाचार घेतल्यावर २० नोव्हेंबरला शिवसैनिकांनी वाहिनीच्या मुंबई आणि पुण्यातल्या कार्यालयांवर हल्ला केला. संपादक निखिल वागळे तेव्हा कार्यालयातच होते. संजय राऊत यांनी हल्ल्याचं समर्थन केलं. अशा वेळी संपादकापुढचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. समर्थन करणाऱ्याला त्याच रात्री पडद्यावर घ्यायचं का? घेतलं तर हल्ला हीदेखील एक ‘बाजू’ ठरते. न घेतलं तर आमचं म्हणणंच ऐकलं नाही, अशी ओरड होते आणि बाहेर जमाव उभा असतो.

२६ मेची रात्र

खडकेश्वरच्या सभेला महिना व्हायच्या आत, २६ मे २०२२ रोजी, ‘टाइम्स नाऊ’वर ज्ञानवापी मशिदीच्या सर्वेक्षणावर चर्चा बसली. भाजपच्या तत्कालीन राष्ट्रीय प्रवक्त्या नूपुर शर्मा यांनी त्यात प्रेषित मुहम्मद यांच्याविषयी जे उद्गार काढले, त्यांचे पडसाद पश्चिम आशियापर्यंत गेले. समोरच्या पाहुण्यांकडून शिवाचा अपमान झाला म्हणून आपण तसं बोललो, असं शर्मा यांचं म्हणणं होतं. वाहिनीनं चर्चेतली मतं पाहुण्यांची वैयक्तिक आहेत असं जाहीर केलं. ५ जूनला भाजपनं त्यांना निलंबित केलं. त्याच दिवशी कतार, कुवेत आणि इराणनं भारताच्या राजदूतांना बोलावून नाराजी कळवली.

महाराष्ट्रानं या रात्रीची किंमत फार मोठी दिली. २१ जूनला अमरावतीत एका औषध दुकानदाराची हत्या झाली. शर्मा यांच्या समर्थनार्थ त्यांनी मेसेज पाठवल्याचा राग त्यामागे होता, असं तपास यंत्रणेनं म्हटलं. १० जूनला देशातल्या अनेक शहरांत निदर्शनं झाली, त्यांत औरंगाबादही होतं. तिथं एमआयएमचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी शर्मा यांना फाशी द्यायची असेल तर याच चौकात द्या, अशी भाषा केली. ही पक्षाची भूमिका नाही, असा खुलासा पक्षाध्यक्ष असदुद्दीन ओवैसी यांना करावा लागला. जलील स्वतः राजकारणात येण्यापूर्वी टीव्ही पत्रकार होते. एका स्टुडिओतल्या टोकाच्या वाक्यानं दुसऱ्या बाजूच्या टोकाला माईक मिळवून दिला आणि मधल्या माणसांना बोलायला जागा उरली नाही.

१ जुलैला शर्मा यांची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्या. सूर्य कांत आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठानं त्यांना कडक शब्दांत सुनावलं. त्याबरोबर न्यायप्रविष्ट विषयावर ही चर्चा वाहिनीनं घेतलीच कशासाठी, असंही विचारलं. हा दुसरा प्रश्न बातम्यांत मागे पडला. बोलणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ झालं. पण विषय कुणी निवडला, पाहुणे कुणी ठरवले आणि वाद हाताबाहेर जात असताना माईक बंद का झाला नाही, याची चौकशी फारशी कुणी केली नाही.

लंडनमधली एक रात्र

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचा एक प्रसिद्ध प्रयोग २२ ऑक्टोबर २००९ रोजी झाला. ब्रिटिश नॅशनल पार्टीचे नेते निक ग्रिफिन यांना बीबीसीनं ‘क्वेश्चन टाइम’ या कार्यक्रमात बोलावलं. गोऱ्यांच्या वंशश्रेष्ठत्वाचं राजकारण करणाऱ्या या पक्षानं चार महिन्यांपूर्वी युरोपीय संसदेच्या दोन जागा आणि सव्वासहा टक्क्यांच्या आसपास मतं मिळवली होती. महासंचालक मार्क थॉम्पसन यांचं म्हणणं होतं की, पक्षावर बंदी घालायची असेल तर ते काम संसदेचं. बीबीसीनं आडमार्गानं ते करू नये. बाहेर निदर्शनं चालू असताना सुमारे ८० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. एरवीच्या प्रेक्षकसंख्येच्या हा आकडा जवळजवळ तिप्पट होता.

ग्रिफिन यांची त्या रात्री फजिती झाली, यावर बहुतेकांचं एकमत आहे. ज्यूंच्या वंशसंहाराबद्दलची आपली जुनी विधानं त्यांना धड नाकारता येईनात, धड स्वीकारता येईनात. पण कार्यक्रमाचा जवळपास सगळा वेळ त्यांच्यावरच गेला. घरं, रोजगार, टपाल खात्यातला संप अशा विषयांवर या माणसाकडे काय उत्तर आहे, हे प्रेक्षकांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते आपल्यावर झुंड सोडल्याची तक्रार करत मोकळे झाले.

त्यांचा पराभव झाला तो वेगळ्या ठिकाणी. मे २०१० च्या निवडणुकीत ते पूर्व लंडनमधल्या बार्किंगमधून उभे राहिले. मजूर पक्षाच्या मार्गारेट हॉज यांनी महिनोन्‌महिने दारोदार फिरून लोकांची घरांबद्दलची आणि वस्तीच्या हालाची गाऱ्हाणी ऐकली होती. ग्रिफिन तिसऱ्या क्रमांकावर गेले. त्यांना ६,६२० मतं मिळाली आणि हॉज यांना २४ हजारांहून जास्त. त्याच भागातल्या नगरपरिषदेत पक्षाच्या बाराही जागा गेल्या. टीव्हीवर त्यांचा विषय चालला होता, बार्किंगच्या दारांत लोकांचा विषय चालला.

पॅरिस आणि ब्रुसेल्स

फ्रान्सचा दाखला उलट दिशेनं जातो. १३ फेब्रुवारी १९८४ रोजी अतिउजवे नेते जाँ-मारी ल पेन हे ‘ल्योर द व्हेरिते’ या मोठ्या मुलाखतीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा आले. चार महिन्यांनी त्यांच्या पक्षानं युरोपीय निवडणुकीत जवळपास ११ टक्के मतं आणि दहा जागा मिळवल्या. केवळ एका कार्यक्रमानं हे झालं असं नाही, कारण बेकारी वाढत होती आणि पक्षाची घोडदौड १९८३ पासूनच सुरू झाली होती. पण प्रतिष्ठित कार्यक्रमातल्या खुर्चीनं त्याला वजन दिलं, हे ल पेन स्वतःही सांगत. २००२ मध्ये ते अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचले, तेव्हा जाक शिराक यांनी त्यांच्याशी टीव्हीवर वाद घालायला नकार दिला आणि ८२ टक्के मतांनी जिंकले. पंधरा वर्षांनी इमान्युएल माक्राँ यांनी त्यांच्या मुलीशी, मारीन ल पेन यांच्याशी वाद घातला आणि तेही जिंकले. दरम्यान ल पेन घराण्याची दुसऱ्या फेरीतली मतं १८ टक्क्यांवरून ३४ आणि २०२२ मध्ये ४१ टक्क्यांच्या पुढे गेली. नुसत्या नकारानं किंवा नुसत्या होकारानं ही चढण थांबलेली नाही.

बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागात तिसरी रीत आहे. १९९१ च्या निवडणुकीत अतिउजव्या पक्षांनी मुसंडी मारल्यावर तिथल्या आरटीबीएफ या सार्वजनिक वाहिनीनं ठरवलं की, अशा पक्षांची बातमी द्यायची, त्यांचं म्हणणं सांगायचं, पण त्यांना थेट प्रक्षेपणात माईक द्यायचा नाही. वक्तव्य आधी ध्वनिमुद्रित होतं, तपासलं जातं आणि संदर्भासह दाखवलं जातं. देशाच्या डचभाषक भागात असा नियम नाही, आणि तिथं अतिउजवा पक्ष आज मोठ्या पक्षांपैकी एक आहे. फ्रेंचभाषक भागात त्यांना पाय रोवता आलेले नाहीत. दोन्ही भागांचं राजकारण आणि अर्थकारण वेगळं असल्यानं सगळं श्रेय नियमाला देता येत नाही. तरी बातमी आणि थेट प्रक्षेपण यांच्यातला फरक ही वाहिनी तीन दशकांहून अधिक काळ सांभाळते आहे, आणि तेवढ्यानं तिथली लोकशाही मुकी झालेली नाही.

आपल्याकडे शिट्टी कुणाकडे

भारतात सार्वजनिक वाहिनीवर कडक नियम आहेत. निवडणुकीत दूरदर्शन आणि आकाशवाणीवर पक्षांना वेळ मिळतो, पण भाषणाची संहिता आधी द्यावी लागते. धर्म किंवा समाजावर हल्ला, हिंसेला चिथावणी, व्यक्तीचं नाव घेऊन टीका, हे सगळं वर्ज्य. त्याचा धोका २०२४ मध्ये दिसला. माकपचे सीताराम येचुरी यांच्या भाषणातून राजवटीला जातीयवादी आणि हुकूमशाही म्हणणारे शब्द गाळायला लावले गेले, फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना ‘मुस्लिम’ हा शब्द काढायला सांगितलं गेलं. द्वेष रोखण्यासाठी केलेली चाळणी सरकारच्या हातात गेली की ती टीकाही गाळू लागते. म्हणून हे काम सरकारवर सोपवून मोकळं होता येत नाही.

खासगी वाहिन्यांसाठी केबल टीव्ही कायद्याची कार्यक्रम संहिता आहे आणि वाहिन्यांनीच स्थापन केलेलं एनबीडीएसए हे स्वनियमन प्राधिकरण आहे. हिजाबवरच्या चर्चेसाठी न्यूज १८ इंडियाला २०२२ मध्ये ५० हजारांचा दंड झाला. २०२४ मध्ये टाइम्स नाऊ नवभारतला एक लाखाचा झाला. मोठ्या वाहिनीला ही रक्कम जाणवतही नाही. एक लाखाच्या कमाल दंडाचा धाक उरत नाही, असं तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनीही २०२३ मध्ये बोलून दाखवलं. प्राधिकरणाचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. द्वेषमूलक भाषणांच्या याचिकांवर न्या. के. एम. जोसेफ यांनी अँकरच्या भूमिकेवर वारंवार बोट ठेवलं. १९ मार्च २०२३ रोजी औरंगाबादच्या नामांतराच्या समर्थनार्थ त्या शहरात हिंदू जनगर्जना मोर्चा निघाला. त्यातल्या भाषणाबद्दल तेलंगणाचे आमदार टी. राजा सिंह यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिलला, अशा भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा हा आपला आदेश सर्वोच्च न्यायालयानं सर्व राज्यांना लागू केला. मैदानावरच्या भाषणाला पोलीस आहेत. स्टुडिओत शिट्टी अँकरच्या हाती असते, आणि ती वाजली नाही तर पुढचं सगळं उशिरा होतं.

हरवलेला विषय

२०२२ च्या त्या मे महिन्यात औरंगाबादेत पाणी पेटलं होतं. जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर असूनही नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानं पाणी येत होतं. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालेली १,६८० कोटींची योजना रखडली होती. पुढे तिचा खर्च २,७०० कोटींच्या वर गेला. २३ मेला देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली भाजपनं इथं जलआक्रोश मोर्चा काढला. तोही टीव्हीवर दिसला, पण पाण्यावर आठवडाभर चर्चा बसल्या नाहीत. आधी भोंगे, मग औरंगजेबाची कबर, मग ज्ञानवापी. खुलताबादच्या कबरीला एमआयएमचे अकबरुद्दीन ओवैसी यांनी १२ मे रोजी दिलेली भेट इतकी पेटली की पुरातत्त्व खात्यानं ती जागा काही दिवस बंद ठेवली. ८ जूनला शिवसेनेच्या शहर शाखेच्या वर्धापन दिनाला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे त्याच मैदानावर आले, तेव्हा त्यांच्याही भाषणात हिंदुत्व आणि नामांतर ठळक होतं.

मनसेला यातून मतं मिळाली असं म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत पक्षाचा एकही आमदार आला नाही. म्हणून काही जण म्हणतात की टीव्हीनं काय बिघडलं? बिघडलं ते विषयपत्रिकेत. एक पक्ष हरला, पण बाकीच्या सगळ्या पक्षांना त्याच्या विषयावर बोलावं लागलं, आणि नळाच्या पाण्याचा तास त्यात गेला.

तेव्हा वाहिन्यांनी करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. टोकाच्या नेत्याचं भाषण थेट न दाखवता थोड्या वेळानं, तपासून दाखवता येतं. त्याला सहा जणांच्या गोंगाटात बसवण्याऐवजी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या, कागद हातात घेऊन केलेल्या मुलाखतीत एकट्याला बसवता येतं. न्यायप्रविष्ट धार्मिक वाद रोजच्या चर्चेतून वगळता येतात. चिथावणी झाली तर माईक बंद करणं आणि दुसऱ्या दिवशी वाहिनीनं स्वतःच्या नावानं खुलासा करणं, हे लेखी धोरण म्हणून जाहीर करता येतं. प्रेक्षकालाही वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते आणि समाधान झालं नाही तर, वाहिनी सदस्य असल्यास, एनबीडीएसएकडे जाता येतं; मराठी चर्चांबद्दल अशा तक्रारी जितक्या नेमक्या, वेळ आणि वाक्य नोंदवून केलेल्या असतील, तितक्या त्या टाळणं कठीण होईल.

आणि या नेत्यांना त्यांच्या हातखंड्याच्या विषयाबाहेर प्रश्न विचारता येतात. भोंग्यांवर, कबरीवर आणि नावावर तासन्‌तास बोलू शकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, जायकवाडीची जलवाहिनी कुठल्या टप्प्यावर आहे, खर्च हजार कोटींनी का वाढला आणि त्याच्या पक्षानं महापालिकेत त्याबद्दल काय केलं, हे विचारून उत्तरासाठी पूर्ण दहा मिनिटं द्यावीत. मध्ये कुणालाही बोलू देऊ नये.